हलके चाक, जड चाक

मराठी भाषेने 'जड' या शब्दाला फारसा न्याय दिलेला नाही. डोके जड झाले म्हणजे दुखणे आले. पाऊल जड झाले म्हणजे मन मागे अडकले. आणि एखादे पुस्तक जड आहे असे कोणी म्हटले, की ते विकत घेण्याचा प्रश्नच मिटला. याउलट 'हलके' या शब्दाचे सर्वत्र स्वागत होते. औषधाने हलके वाटते, रडल्याने मन हलके होते, आणि पथ्याचे अन्न हलके असते. तरीही हीच भाषा हलक्या कानाच्या माणसापासून दूर राहावयास सांगते, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचा मान राखते. तेव्हा जड चांगले की हलके, हा प्रश्न कशाविषयी आणि कोणासाठी विचारला आहे हे कळल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न एका लोखंडी चाकाच्या निमित्ताने आमच्यापुढे आला, आणि त्याचा निर्णय दोन दिवसांत होणे आवश्यक होते.

लासूर स्टेशन हे मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, गंगापूर तालुक्यातील बाजाराचे गाव. कांदा, मका आणि कापूस यांच्या मोसमात येथे ट्रॅक्टरांची रांग लागते. आणि जेथे ट्रॅक्टर आले, तेथे ते दुरुस्त करणारे हातही आले. अशा गावात राहणाऱ्या धर्मगुरूला सोयरिकीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत सर्व विषयांवर मत असावे, अशी लोकांची अपेक्षा असते. आपल्याला यंत्रातले काही कळत नाही असे सांगून सुटका होत नाही. "फादर, तुम्ही एवढं शिकलात" हे वाक्य तयारच असते.

तर आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब. वडील शेतकरी. आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत आलेली. आता तिची मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात जावे लागते. अंतर एका बाजूने सुमारे ४० किलोमीटर. मुलगा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. पूर्वी हा प्रवास एस.टी.ने होत असे. परतताना त्या माउलीला उभे राहवत नसे, म्हणून मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढून दहा वर्षे वापरलेली एक पेट्रोल मोटार घेतली. वर्षभर ती नीट चालली. मग क्लच घसरू लागला. इंजिन ओरडे, पण गाडी पुढे सरकेना. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली उतरवला, क्लच प्लेट पाहिली, ती पार झिजली होती. मेकॅनिकने तेथेच सुचविले, "गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर फ्लायव्हीलही लेथवर घेऊन हलकं करून टाकू. सात किलोचं चार किलोवर आणू. गाडी कशी उडते बघा."

मुलाचे डोळे चमकले. वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मंगळवारची संध्याकाळ होती आणि आईची पुढची पाळी गुरुवारी सकाळची. दोघेही आमच्याकडे आले.

फ्लायव्हील हा शब्द मोटार बाळगणाऱ्या अनेकांनी ऐकलेला असतो, पण वस्तू पाहिलेली नसते, कारण ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेली असते. पारिभाषिक मराठीत तिला प्रचक्र म्हणतात. इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टांनी पक्के बसविलेले हे बिडाचे जाड, गोल ताट. त्याच्या कडेवर दातांची रिंग असते, तिला धरून स्टार्टर इंजिन सुरू करतो; आणि त्याच्या गुळगुळीत तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते. पण त्याचे मुख्य काम निराळेच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच जोर देतो. उरलेल्या वेळात तो हवा ओढतो, ती दाबतो आणि धूर बाहेर टाकतो. म्हणजे स्वतः जोर मागतो. चार सिलिंडर असले, तर अर्ध्या फेरीला एकदा धक्का मिळतो. दोन धक्क्यांमधल्या रित्या जागेत इंजिनाला पुढे नेणारे, ते हे चाक. धक्का आला की त्यातला वाटा ते साठवून ठेवते, आणि धक्का नसतो तेव्हा परत करते.

आमच्या पिढीने हे चाक उघड्यावर पाहिले आहे. विहिरीवरचे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन आठवावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. त्यानंतर महाराष्ट्राच्या शिवारांतून इंजिनाचा तो पुक-पुक आवाज घुमू लागला. ते सुरू करणे ही एक विद्याच होती. आधी वरची कळ उचलून सिलिंडरातला दाब मोकळा करायचा. मग हँडल मारून बाजूचे जड चाक फिरवायचे, दमेपर्यंत फिरवायचे. आणि ते वेगात आले की कळ पाडायची. माणसाच्या हाताने जो दाब एका झटक्यात कधीच ओलांडला नसता, तो चाकात साठलेल्या मेहनतीने ओलांडला जाई आणि इंजिन धरे. कडबा कापण्याच्या हातयंत्राचे मोठे चाकही त्याच जातीचे. किर्लोस्करांच्या अगदी सुरुवातीच्या उत्पादनांत कडबा कापण्याचे यंत्र होते. त्याचे पाते कडब्यात शिरते तेव्हा हाताचा जोर पुरत नाही. चाकाचे वजन त्या क्षणी मदतीला येते.

कुंभाराचे चाक तर याहून पुरातन. दांड्याने चार वेढे दिले की ते जड चाक इतका वेळ फिरत राहते, की दोन्ही हात मातीला मोकळे मिळतात. यिर्मयाच्या ग्रंथातील कुंभाराची गोष्ट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे चाकासाठी जो हिब्रू शब्द आला आहे तो द्विवचनी आहे. त्याचा अर्थ 'दोन दगड' असा होतो. म्हणजे त्या कारागिरांनाही वजनाचा उपयोग कळला होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला जाँ ब्युरिदाँ हा चौदाव्या शतकातला पॅरिसचा पंडित शिकविला गेला. फेकलेला दगड हातातून सुटल्यावर पुढे का जातो, या प्रश्नावर ॲरिस्टॉटलचे उत्तर असे, की भोवतालची हवा त्याला ढकलते. ब्युरिदाँने लोहाराच्या चाकाचा दाखला देऊन ते खोडून काढले. चाक तर जागच्या जागी फिरते. लोहाराने हात काढून घेतला तरी ते कितीतरी वेळ थांबत नाही. मग हवा त्याला कोठून ढकलणार? फिरविणाऱ्याने त्या चाकातच काहीतरी भरले आहे, असे त्याने मानले आणि त्याला 'इम्पेटस' हे नाव दिले. वस्तूत द्रव्य जितके अधिक, तितके ते अधिक भरले जाते. म्हणूनच दगड लांब फेकता येतो आणि पीस येत नाही, असेही त्याने सांगितले. पुढे गॅलिलिओ आणि न्यूटन यांनी हा विचार बदलून अचूक केला. लासूर स्टेशनच्या गॅरेजमध्ये ब्युरिदाँ उपयोगी पडेल, असे मात्र वर्गात बसलेल्या आम्हांला तेव्हा वाटले नव्हते.

आता मुलाची बाजू. ती आम्ही आधी ऐकली, आणि ती लंगडी नव्हती. तो म्हणाला, "फादर, इंजिनाला गाडी ओढायच्या आधी स्वतःचं चाक ओढावं लागतं. पायडल दाबलं की निम्मा जोर त्यातच जातो. चाक हलकं असलं की इंजिन लगेच वर चढतं, गिअर बदलताना लगेच खालीही येतं. रॅलीच्या गाड्यांना हेच करतात." त्याचे म्हणणे खरे आहे. नाशिकच्या रॅलीत धावणाऱ्या गाड्या जवळून पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की स्पर्धेसाठी इंजिन तयार करताना फ्लायव्हील हलके करणे ही नेहमीची गोष्ट आहे. वळण घेता घेता खालचा गिअर टाकायचा असतो, तेव्हा इंजिनाने निमिषात उत्तर द्यावे लागते. तेथे जड चाक पायांत बेडीसारखे वाटते.

'निम्मा जोर' हा शब्द मात्र आम्हांला खटकला. म्हणून त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. वाचकांनी घाबरू नये; हिशेब शाळेतलाच आहे. चाकाचा व्यास २६ सेंटिमीटर धरला, वजन ७ किलो, आणि ते सर्वत्र सारखे पातळ करून ४ किलोवर आणायचे. गाडीचे चाक टायरसकट २८ सेंटिमीटर त्रिज्येचे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे १४ फेऱ्यांना गाडीच्या चाकाची एक फेरी होते, शेवटच्या गिअरमध्ये सुमारे ३.३ फेऱ्यांना एक. या प्रमाणाचा वर्ग घ्यावा लागतो, आणि सगळी गंमत त्या वर्गातच आहे. पहिल्या गिअरमध्ये फ्लायव्हीलचे ३ किलो कमी करणे हे गाडीतून सुमारे ६३ किलो वजन उतरविण्यासारखे ठरते. म्हणजे एक प्रौढ माणूस खाली उतरला! पण शेवटच्या गिअरमध्ये तेच ३ किलो केवळ साडेतीन किलोच्या तोलाचे राहतात. त्या माणसाऐवजी डब्यांची एक पिशवी उतरली, इतकेच. लोखंड मधून न काढता कडेचेच काढले, तर हा फायदा जवळजवळ दुप्पट होतो, कारण मध्यापासून दूर असलेल्या वजनाचा प्रभाव अंतराच्या वर्गाने वाढतो.

म्हणजे हलक्या चाकाचा लाभ खरा आहे. परंतु तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वेग वाढवितानाच मिळतो. ठरावीक वेगाने चालणाऱ्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही. लासूरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. त्या सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाला जड चाकही बोजा होत नाही. एकदा फिरले की ते फिरतच राहते. इंजिनाची ताकद तर एका कणानेही वाढत नाही. चाक ताकद निर्माण करीत नाही आणि खातही नाही. ते फक्त उसनवारी सांभाळते. पेट्रोल वाचेल असे मेकॅनिकने सांगितले होते; पण सरळ रस्त्यावर तेही संभवत नाही.

दुसऱ्या कागदावर आम्ही तोट्यांचा हिशेब मांडला. इंजिन रिकामे, मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत आहे असे धरू. सात किलोच्या चाकात त्या वेळी जी शक्ती साठलेली असते, तिने सुमारे २१ किलोची कांद्याची गोणी एक मीटर उचलली जाईल. चार किलोच्या चाकात १२ किलोची. गाडी जागेवरून हलविताना आपण क्लच सोडतो, तेव्हा या शिलकीतूनच पहिला खर्च होतो. शिलक कमी असली की पायडल अधिक दाबावे लागते आणि क्लच अधिक नाजूकपणे सोडावा लागतो. जरा चुकले, की इंजिन बंद. बाजाराच्या गर्दीत, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर आणि मागे हॉर्न वाजविणारा टेम्पो असताना, चढावर ही कसरत दर दहा पावलांना करावी लागली तर क्लच प्लेटचे काय होईल? ती घसरून तापते, आणि तिची उष्णता पिणारे लोखंडही आपण कमी केलेले असते. ज्या क्लचच्या दुखण्यासाठी गाडी उघडली, तेच दुखणे पुन्हा लवकर येण्याची ही सोय.

शिवाय इंजिनाचा प्रत्येक धक्का जड चाकामुळे बोथट होऊन पुढे जातो. चाक हलके केले की ते धक्के गिअरबॉक्समध्ये अधिक तीव्रतेने पोहोचतात. गाडी उभी असताना गिअरचे दात खडखडतात, स्टिअरिंग थरथरते. तीन सिलिंडरच्या लहान गाड्यांत धक्क्यांमधली फट मोठी, म्हणून तेथे हा त्रास अधिक; डिझेलमध्ये दाब मोठा, म्हणून त्याहून अधिक. अलीकडच्या गाड्यांत तर एक संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातले बारीक चढउतार मोजून एखादा सिलिंडर चुकतो आहे का ते ठरवितो. चाक हलके झाले की हे चढउतार वाढतात, आणि सर्व काही ठीक असूनही इंजिनाचा दिवा पेटू शकतो.

आणि एक गोष्ट तोट्यांच्या यादीत घालण्यासारखी नाही. ती धोक्याचीच आहे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर २६ सेंटिमीटरच्या चाकाची कड ताशी सुमारे २९४ किलोमीटर वेगाने धावत असते. बीड दाब सोसते, पण ताण सोसण्यात ते दुबळे. ओतकामात दडलेला एखादा पोकळ डाग, लेथवर काढलेला तीक्ष्ण कोपरा किंवा क्लचच्या उष्णतेने पडलेली केसाएवढी भेग, यांपैकी एकही पुरेशी असते. चाक फुटले तर तुकडे गिअरबॉक्सचे आवरण फोडून बाहेर येतात. आणि त्या आवरणाच्या मागेच चालविणाऱ्याचे पाय असतात. म्हणूनच स्पर्धेच्या गाड्यांसाठी घडीव पोलादाचे किंवा पोलादी तोंड बसविलेले ॲल्युमिनियमचे चाक खास बनवून घेतात, आणि यंत्रावर त्याचा तोल तपासतात. जुने बिडाचे चाक बाजूच्या लेथवर कोरून आणणे ही निराळी गोष्ट झाली. तीन किलो लोखंड काढल्यावर एका बाजूला चार ग्रॅम जरी अधिक राहिले, तरी ते दर फेरीला इंजिनाच्या बेअरिंगना धक्का देत राहील.

जाणकारांनी हा जुना पेच सोडविण्याचे प्रयत्न केलेच आहेत. १९८५ साली जर्मनीतील 'लूक' या कंपनीने दोन भागांचे फ्लायव्हील बाजारात आणले. एक चाक इंजिनाकडे, दुसरे गिअरबॉक्सकडे आणि मध्ये स्प्रिंगा. धक्के त्या स्प्रिंगांत विरतात. स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दों गावी १९५३ पासून काही वर्षे तर अशी बस धावली, जिच्या पोटात दीड टनाचे चाक होते. थांब्यावर विजेने ते फिरवून घ्यायचे आणि त्याच्या साठ्यावर पुढच्या थांब्यापर्यंत जायचे! आणि २०१२ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या आउडी गाडीत ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती एका लहान, हलक्या, पण भोवऱ्याहून कितीतरी वेगाने फिरणाऱ्या चाकात साठविली जात होती. साठा वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाने वाढतो. तेव्हा हलके चाकही पुष्कळ साठवू शकते, मात्र त्याला फार वेगात फिरावे लागते. बाजारातून पायरी पायरीने सरकणाऱ्या गाडीच्या नशिबी तो वेग नाही.

बुधवारी सकाळी आम्ही त्या घरी गेलो. वडिलांनी आमच्या आधीच सुरुवात केली होती. त्यांचा मुद्दा तीस वर्षे हाकलेल्या इंजिनावर उभा होता. "हलक्या चाकाचं इंजिन अन् उपाशी बैल सारखाच, फादर. सपाटीला पळतो, चढ आला की बसतो. तुम्ही याला नाही म्हणून सांगा."

आम्ही नाही म्हणून सांगितले नाही. पंचविशी ओलांडलेल्या, घराचे कर्ज फेडणाऱ्या मुलाला धर्मगुरूने मनाई करावी, असा हा विषय नव्हता. आम्ही दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. तो लेथवरचा माणूस. आकडे वाचायला त्याला आमची मदत नको होती. ६३ किलोपाशी तो हसला, साडेतीन किलोपाशी थांबला. कड ताशी २९४ किलोमीटर धावते हे वाचून त्याने खिशातला मोबाइल काढला, हिशेब स्वतः करून पाहिला आणि तो गप्प झाला. मग जे बोलला, त्याने आम्हांला त्याच्या मनातला खरा प्रश्न कळला. "फादर, सात वर्षं मी लेथवर दुसऱ्यांचे जॉब काढतो. कुठल्या गाडीत बसतात तेही ठाऊक नसतं. हे एक चाक मी माझ्या हातानं, माझ्या गाडीसाठी काढणार होतो."

यावर आमच्याकडे हिशेब नव्हता. माणसाला आपल्या हातचे काम आपल्या घरी असावे असे वाटते, आणि ते वाटणे कोणत्याही तराजूवर हलके ठरत नाही. वडीलही काही बोलले नाहीत.

बोलली ती आई. खाटेवर पडल्या पडल्या ती सगळे ऐकत होती. कोपऱ्यात तिचे पायाने चालविण्याचे शिवणयंत्र होते. वर्षभरात त्यावर फारसे काम झाले नव्हते. तिकडे बोट करून ती म्हणाली, "त्याचं खालचं चाक बघ. बिडाचं आहे. पाय उचलला तरी सुई चार टाके पुढं जाते, म्हणून शिवण तुटत नाही. माझा पाय दुखायचा तेव्हा त्या चाकानंच कपडे शिवले." थोडा वेळ थांबून तिने पुढे म्हटले, "येताना अंगात त्राण राहत नाही रे. गाडीनं गचका दिला की हातातली सुईची जागा ठणकते. तुला हौस आहे तर कर. पण मग मला मागं पडून येता येईल का, ते सांग."

मुलगा बराच वेळ शिवणयंत्राकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलेला प्रश्न निव्वळ कारागिराचा होता : फ्लायव्हीलच्या तोंडावर क्लच घसरल्याने निळे डाग पडले आहेत, ते तसेच ठेवून नवी प्लेट बसविणे योग्य होईल का? योग्य नव्हतेच. नव्या प्लेटसाठी ते तोंड बारीक घासून समतल करावे लागते. त्यात लोखंड जाते ते नखाच्या जाडीएवढेही नसते, पण हात मात्र पक्का लागतो. ते काम दुसऱ्या कोणाकडे न देता त्याने स्वतः केले. त्याच्या ओळखीच्या लेथवर, बुधवारी रात्री, वडिलांना शेजारी उभे करून. आधी भेग आहे का ते पाहिले, मग तोंड घेतले, मग पट्टी लावून प्रकाशात तपासले. वजन सात किलोच राहिले. मेकॅनिकने मान हलविली, परंतु तोंडाची सफाई पाहून हे कोणी काढले असे विचारलेच.

गुरुवारी सकाळी गाडी वेळेवर निघाली. त्यानंतरच्या महिन्यांत आम्हीही तिच्यातून दोनदा गेलो आहोत. पहिल्या गिअरमध्ये ती उडत वगैरे नाही. पण बाजारात क्लच सोडला की न कुरकुरता पुढे सरते, आणि मागे झोपलेल्या बाईची झोप मोडत नाही.

हलक्या चाकाचा विषय त्या घरात संपलेला नाही. मुलाने भंगारातून त्याच गाडीचे आणखी एक फ्लायव्हील आणले आहे आणि पोलादाच्या एका ठोकळ्याचा भावही काढला आहे. आईसाठी जाणारी गाडी जशी आहे तशीच राहील. पण कधीतरी एखादी जुनी मोटार घेऊन, तोल तपासून, सर्व नियम पाळून तो नाशिकच्या रॅलीसाठी ती तयार करणार आहे. त्या गाडीत जड चाक ठेवणे हा मूर्खपणा होईल, असे आम्हीही त्याला सांगितले. वडिलांनी हे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "त्या गाडीत फादरला बसव. मी मागून जीपनं येतो."